लेझर आणि सीएनसीच्या दुकानातली भाषा समजून घेऊया



तुमच्या मांडणीवरचा एखादा स्टीलचा डबा किंवा तांब्या हातात घेऊन बघा. काठाजवळ बारीक ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असेल, खाली तारीख असेल, कदाचित 'सप्रेम भेट' असंही असेल. भांड्याच्या दुकानात ते विजेवर थरथरणाऱ्या सुईनं घालून देतात. त्या सुईनं धातूवर जे केलं त्यालाच एनग्रेव्हिंग म्हणतात. आपल्या भाषेत कोरणं. जात्याला टाकी लावून घ्यायची, तीही याच कामाची थोरली बहीण. आपल्या जिल्ह्यात नेवाशाच्या पैस खांबावर लेख कोरलेला आहे. संगमनेरला सापडलेला यादव राजा दुसरा भिल्लम याचा ताम्रपट शके ९२२ चा, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा कोरणं आणि कापणं आपल्याला नवीन नाही. मशीन नवीन आहे आणि मशीनसोबत आलेले शब्द नवीन आहेत. आज त्या शब्दांबद्दल बोलूया.

हे बोलायची गरज का पडली, ते आधी सांगतो. गेल्या काही वर्षांत आमच्याकडचे बरेच गट पापड-मसाल्याच्या जोडीला नावाच्या पाट्या, किचेन, तोरणं, हळदीकुंकवाचं वाण, देवघराची जाळी, सत्काराची सन्मानचिन्हं अशी कामं घेऊ लागलेत. शिर्डी आणि शनिशिंगणापूरला येणाऱ्या भाविकांसाठी छोट्या भेटवस्तू लागतात. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हापासून पाट्याही बदलतायत. कामाला तोटा नाही. पण ताई शहरातल्या लेझरच्या दुकानात जातात, आणि तिथला मुलगा विचारतो, "ताई, रास्टर करायचं का वेक्टर? डीपीआय किती ठेवू? कर्फ धरलाय का?" ताई म्हणतात, "तुम्हीच बघा ना दादा." हे 'तुम्हीच बघा' फार महाग पडतं. दर तोच लावणार, वेळ तोच मोजणार, आणि माल बिघडला तर 'तुम्ही सांगितलं नव्हतं' असंही तोच म्हणणार. शब्द कळले की आपण गिऱ्हाईक म्हणून नीट बोलू शकतो. पुढे स्वतःचं मशीन घ्यायचं ठरलं, तर ते चालवायलाही बसू शकतो.

चार कामं वेगळी ओळखा

पहिलं काम कटिंग, म्हणजे आरपार कापणं. तुकडा शीटपासून सुटा होतो.

दुसरं एनग्रेव्हिंग, म्हणजे कोरणं. वरचा थर काढून खोलगटपणा येतो. बोट फिरवलं की हाताला लागतं.

तिसरं मार्किंग. यात खोली जवळजवळ नसते, फक्त रंग बदलतो. स्टीलच्या बाटलीवर काळं नाव दिसतं पण बोटाला लागत नाही, ते मार्किंग.

चौथं स्कोअरिंग. एकच बारीक रेघ वरवर मारायची. जाड कागदाची पेटी किंवा पत्रिका नीट दुमडावी म्हणून ती रेघ लागते. नक्षीची बाह्यरेषा काढायलाही ती वापरतात.

चारही कामांचा वेळ वेगळा, म्हणून भावही वेगळा. 'नाव टाकून द्या' एवढंच सांगितलं तर दुकानदार त्याला सोयीचं ते करील. 'कोरून हवंय, बोटाला लागलं पाहिजे' असं सांगा.

दोन जातीची मशीनं

दुकानात मुख्यतः दोन प्रकारची मशीनं दिसतात. लेझर उजेडानं कापतं. राउटर फिरणाऱ्या पात्यानं कापतं. दोन्ही 'सीएनसी' असू शकतात. सीएनसी म्हणजे संगणकानं आकड्यांवर चालवलेलं मशीन. हात धरून चालवायचं नाही. कुठे जायचं ते आकड्यांत सांगायचं.

आकडे कसे सांगतात? रांगोळीला आपण ठिपके मोजतो तसे. आडवं अंतर म्हणजे एक्स, उभं अंतर म्हणजे वाय, आणि वर-खाली म्हणजे झेड. 'एक्स दहा, वाय वीस' म्हणजे कोपऱ्यापासून दहा मिलिमीटर आडवं आणि वीस मिलिमीटर पुढे. अशा सूचनांच्या लांबलचक यादीला जी-कोड म्हणतात. ती यादी आपल्याला लिहावी लागत नाही, सॉफ्टवेअर लिहितं. कोणत्या वाटेनं पातं जाईल त्याला टूलपाथ म्हणतात. मोजणी जिथून सुरू होते तो कोपरा म्हणजे झीरो किंवा ओरिजिन. मशीन सुरू केल्यावर डोकं आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन थांबतं, त्याला होमिंग म्हणतात. लाईट गेली की काम अर्ध्यात थांबतं आणि मशीन आपली जागा विसरतं. म्हणून आपल्याकडच्या गावांत झीरो कुठे धरला होता ते शीटवर पेन्सिलीनं खुणावून ठेवायची सवय लावा.

लेझरचे तीन प्रकार

सीओटू लेझर: काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि त्यातून किरण निघतो. लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, कापड, खरं चामडं, कागद यांना हे मशीन चांगलं. उघड्या स्टील-पितळेवर ते चालत नाही, कारण धातू तो किरण परतवतो. काचेवर धुरकट खूण उमटते, पण काच कापली जात नाही.

इथे एक अभिमानाची गोष्ट. हा सीओटू लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ज्यांनी शोधला, ते शास्त्रज्ञ सी. कुमार एन. पटेल बारामतीत जन्मलेले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकले. आपल्या श्रीगोंदा-कर्जतच्या शेजारच्या गावी जन्मलेल्या माणसाचा शोध आज जगभरच्या दुकानांत लाकूड कापतोय. तेव्हा हे आपल्या डोक्याबाहेरचं आहे, असं कुणी मनात आणू नका.

फायबर लेझर: हा धातूसाठी. स्टीलची बाटली, पितळी समई, चावी, पट्टी यांवर नाव घालायला हाच. लाकूड-अ‍ॅक्रिलिकच्या कामाला तो उपयोगी नाही.

डायोड लेझर: टेबलावर मावणारं, निळ्या उजेडाचं छोटं मशीन. स्वस्त असतं म्हणून ऑनलाइन बरंच विकलं जातं. पातळ लाकूड, पुठ्ठा, चामडं होतं. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक मात्र याच्यानं कापलं जात नाही, कारण निळा उजेड त्यातून सरळ आरपार जातो.

पॉवर, स्पीड आणि पास

हे तीन शब्द कळायला इस्त्री डोळ्यासमोर आणा. इस्त्री किती तापवली ती पॉवर. हात किती भरभर फिरवला तो स्पीड. एकाच जागेवरून किती वेळा फिरवली ते पास. इस्त्री फार तापली आणि हात सावकाश फिरला की कापड जळतं. कमी तापली आणि हात भरभर फिरला तर सुरकुती तशीच राहते. लेझरचं तेच आहे. पॉवर जास्त आणि स्पीड कमी, तर कड काळी पडते. पॉवर कमी आणि स्पीड जास्त, तर तुकडा सुटत नाही.

पॉवर वॅटमध्ये सांगतात. जाहिरातीतला वॅटचा आकडा बघताना सावध राहा. काही छोट्या डायोड मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात वीज किती खाते तो आकडा असतो. प्रत्यक्ष किरणाची ताकद त्याच्या कितीतरी कमी असते. विचारायचं ते असं: "ऑप्टिकल पॉवर किती वॅट?" उत्तर टाळलं तर समजून घ्या.

दर वेळी नवीन माल आला की आधी टेस्ट पीस करायला सांगा. शीटच्या कोपऱ्यात चार-सहा छोटे चौकोन, प्रत्येकाला वेगळी पॉवर आणि वेगळा स्पीड. त्यातला आवडलेला चौकोन निवडा आणि त्याचे आकडे वहीत लिहा. पुढच्या ऑर्डरला तीच वही कामी येते.

रास्टर, वेक्टर आणि डीपीआय

पुन्हा रांगोळीकडे येऊ. एक रांगोळी आपण चिमटीनं रेघ ओढत काढतो. दुसरी रंग भरत भरत, या टोकाकडून त्या टोकाकडे. रेघ ओढणं म्हणजे वेक्टर. भरणं म्हणजे रास्टर. कापायचं असेल तर वेक्टरच लागतं, कारण मशीनला जायला रेघ हवी. फोटो किंवा भरीव अक्षर कोरायचं असेल तर रास्टर. त्यात मशीनचं डोकं मागावरच्या धोट्यासारखं इकडून तिकडे फिरतं आणि एकेका ओळीनं पुढे सरकतं.

या ओळी किती दाट, ते सांगणारा शब्द डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. २५४ डीपीआय ठेवलं तर दोन ओळींत ०.१ मिलिमीटर अंतर राहतं. डीपीआय निम्मं केलं की ओळी निम्म्या होतात आणि वेळही जवळजवळ निम्मा लागतो. बारीक फोटोला दाट ओळी हव्यात. मोठ्या अक्षराच्या किचेनला विरळ ओळीही चालतात.

आता याचा पैशाशी संबंध बघा. समजा आपल्याला ५० मिलिमीटरचे चौकोनी किचेन करायचे आहेत आणि शीट ६०० बाय ४०० मिलिमीटरची आहे. दोन तुकड्यांत आणि शीटच्या कडेला ५ मिलिमीटर जागा सोडली तर आडवे १० आणि उभे ७, असे ७० किचेन बसतात. एका किचेनचा घेर २०० मिलिमीटर. सेकंदाला २० मिलिमीटर वेगानं कापलं तर १० सेकंद. कोरायला ४० सेकंद धरा. एकूण ५० सेकंद. सत्तर किचेनना ३,५०० सेकंद, म्हणजे साधारण ५८ मिनिटं. दुकानदाराचा दर मिनिटाला १० रुपये असेल तर बिल होईल ५८० च्या आसपास, म्हणजे एका किचेनला सव्वाआठ रुपये. आता डीपीआय निम्मं केलं. कोरायला २० सेकंद, कापायला तेच १० सेकंद, एकूण ३०. सत्तर किचेनना २,१०० सेकंद, म्हणजे ३५ मिनिटं. बिल ३५० रुपये, एका किचेनला ५ रुपये. हे आकडे समजावण्यापुरते धरलेत, तुमच्याकडचा दर वेगळा असेल. पण एक शब्द माहीत असला की एका शीटमागे दोनशे-सव्वादोनशे रुपये गटात राहू शकतात, हे लक्षात घ्या. म्हणून विचारायचं: "दादा, एवढ्या अक्षराला डीपीआय कमी केलं तर चालेल का? एक तुकडा करून दाखवा."

फोकस आणि कर्फ

लहानपणी भिंगानं उन्हात कागद जाळलाय ना? भिंग ठरावीक उंचीवर धरलं की ठिपका बारीक होतो आणि कागद पेटतो. तीच उंची म्हणजे फोकस. माल जाड झाला की फोकस पुन्हा लावावा लागतो. शीट वाकलेली असेल तर एका बाजूला कापलं जातं आणि दुसरीकडे नाही. पावसाळ्यात एमडीएफ आणि प्लाय ओल धरून वाकतात, म्हणून शीट उभी टेकवून न ठेवता सपाट आणि कोरड्या जागी ठेवा.

कर्फ म्हणजे कापताना जाणारी जागा. करवतीनं लाकूड कापलं की भुसा पडतो, तेवढं लाकूड कमी होतंच. लेझरचा कर्फ साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असतो. किचेनला त्यानं काही बिघडत नाही. पण खाचेत खाच बसवून पेटी करायची असेल तर बिघडतं. कर्फ ०.२ असेल तर दाता ०.२ नं बारीक होतो, खाच ०.२ नं रुंद होते, आणि दोन्ही मिळून ०.४ मिलिमीटरचं ढिलेपण येतं. पेटी डुगडुगते आणि फेविकॉल ओतत बसावं लागतं. ब्लाउज शिवताना शिलाईत जाणारं कापड आपण आधीच धरतो. तसंच 'कर्फ धरलाय का?' हे कापण्याआधी विचारायचं.

मराठी अक्षरांची वेगळी गंमत

हा भाग नीट ऐका. मशीनची पुस्तकं बहुतेक इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात. आपली अक्षरं वेगळी आहेत आणि नुकसान नेमकं इथे होतं.

एक, फॉन्ट. आपण घरच्या संगणकावर सुंदर अक्षरात नाव टाइप करून नेतो. दुकानाच्या संगणकात तो फॉन्ट नसतो आणि अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. कधी जोडाक्षर फुटतं, कधी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. यावर उपाय म्हणजे फाइल देण्याआधी अक्षरांचं 'कर्व्ह' करणं. कर्व्ह केलं की अक्षर हे चित्र होतं, मग फॉन्ट असो वा नसो, बिघडत नाही. मात्र कर्व्ह केल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही, म्हणून शुद्धलेखन आधी तपासा.

दोन, वेल्ड. संगणकाला प्रत्येक अक्षर सुटं दिसतं. शिरोरेषेवर दोन अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. तसंच कापलं तर मशीन प्रत्येक अक्षराच्या कडेनं जातं, शिरोरेषा मध्येच चिरली जाते आणि नावाचे तुकडे हातात येतात. सगळी अक्षरं एकजीव करण्याला वेल्ड म्हणतात. कापीव नावाला वेल्ड केल्याशिवाय फाइल द्यायचीच नाही.

तीन, सुटे भाग. 'संगीता'मधला अनुस्वार कापून काढला की टिंब वेगळं पडतं. आमच्या तालुक्यातल्या एका गटाची अशी कापीव नावांची ऑर्डर परत आली होती, कारण निम्म्या नावांवरची टिंबं शीटच्या चुऱ्यात गेली. टिंबाला शिरोरेषेशी बारीक दांडीनं जोडा, नाहीतर मागे पाठीला पट्टी लावून त्यावर नाव चिकटवा. 'ग', 'ण', 'श' यांची दांडी शिरोरेषेच्याच आधारानं उभी असते. काही नव्या धाटणीच्या फॉन्टमध्ये शिरोरेषा नसते. असा फॉन्ट कापीव नावाला घेऊ नका.

चार, साचा. रांगोळीचा साचा करताना उलटं होतं. अक्षर कापून भोक ठेवायचं असतं. मग 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि अक्षराच्या जागी नुसतं भोक राहतं. तो तुकडा जागेवर राहावा म्हणून बारीक पट्ट्या ठेवतात, त्यांना ब्रिज म्हणतात.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्यानं ठरवलाय. बारशाच्या पाटीला आणि दारावरच्या पाटीलाही लोक आता आईचं नाव घालून मागतात. आम्हाला त्याचा आनंद आहे. पण नाव लांबतं तसं अक्षर बारीक होतं. पाटीचं माप ठरवण्याआधी पूर्ण नाव कागदावर खऱ्या मापात छापून दारावर धरून बघा, मगच ऑर्डर द्या.

फाइल आणि मापं

मोबाइलवरचा फोटो दिला तर दुकानदार म्हणतो, "यावरून कापता येणार नाही." तो खोटं बोलत नसतो. फोटो म्हणजे ठिपके. त्यातून रेघ काढावी लागते, तिला ट्रेसिंग म्हणतात, आणि त्याचे पैसे वेगळे असतात. रेघेची फाइल म्हणजे डीएक्सएफ, एसव्हीजी किंवा कोरलची सीडीआर. एकदा तयार झालेली फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. पैसे दिलेत तर ती गटाची आहे.

मापं दुकानात मिलिमीटर, इंच आणि सूत अशी तिन्ही चालतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी. फाइलमध्ये मिलिमीटर आणि बोलण्यात इंच असं झालं की घोटाळा होतो. शेवटी एकदा पट्टी ठेवून बोट दाखवून खात्री करा.

राउटरचे शब्द

राउटरमध्ये फिरणारी मोटर म्हणजे स्पिंडल आणि तिच्या टोकाचं पातं म्हणजे बिट. बिट घट्ट धरणारा चिमटा म्हणजे कॉलेट. सरळ कापायला एंड मिल, इंग्रजी व्ही आकाराचं टोकदार ते व्ही-बिट, त्यानं अक्षरं छान कोरली जातात. गोल टोकाचं ते बॉल नोज, फुगीर नक्षीला. मिनिटाला किती फेरे ते आरपीएम. बिट पुढे किती वेगानं सरकतं तो फीड रेट. एका वेळेला किती खोल जायचं ते स्टेप डाउन. १२ मिलिमीटरचा प्लाय आणि स्टेप डाउन ३ असेल तर चार फेऱ्यांत काम होतं. घाईनं एकदम खोल घातलं तर बिट मोडतं.

राउटरचा कर्फ बिटाएवढा असतो. ६ मिलिमीटरच्या बिटानं आतला कोपरा कधीच काटकोनी येत नाही, ३ मिलिमीटरची गोलाई राहतेच. डिझाइनमध्ये आत टोकदार कोपरा काढला असेल तर तो तसा मिळणार नाही, हे आधीच धरून चाला.

कोणता माल लेझरवर चालत नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. पीव्हीसी लेझरवर कधीही कापायचं नाही. त्यात क्लोरीन असतं. जळताना हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो, छातीत जातो, डोळे झोंबतात, आणि मशीनचे लोखंडी भाग गंजतात. पीव्हीसी आपल्याकडे वेगळ्या नावानं येतं. बोर्डवाल्यांचा सनबोर्ड बहुतेक पीव्हीसीचाच असतो. पर्सचं रेक्झिन बहुतेक पीव्हीसीचं असतं. बऱ्याच फ्लेक्सवरही पीव्हीसीचा थर असतो. असा माल राउटरवर किंवा हातानं कापा. दुकानदार 'काही होत नाही ताई' म्हणाला तरी ऐकू नका. रोज आठ तास तिथे बसणारी आपलीच मुलगी असणार आहे.

अ‍ॅक्रिलिक दोन प्रकारचं येतं. कास्ट कोरलं की पांढरं धुरकट उमटतं आणि अक्षर उठून दिसतं. एक्सट्रूडेड कोरलं तर अक्षर फारसं दिसत नाही, ते कापायला बरं. ट्रॉफीसाठी घेताना 'कास्ट शीट' असं सांगून घ्या.

जीव आधी, ऑर्डर नंतर

लेझर चालू असताना त्याला सोडून जायचं नाही. चहा ठेवायलाही नाही. लाकूड पेट घेऊ शकतं. अग्निशामक नळकांडं हाताशी हवं. डोक्याजवळून हवा फुंकतो तो एअर असिस्ट, तो ज्वाळा विझवतो आणि कड स्वच्छ ठेवतो. धूर बाहेर ओढतो तो एक्झॉस्ट. त्याचा पाइप खिडकीबाहेर निघाला पाहिजे, शेजारणीच्या ओट्यावर नाही.

किरण डोळ्यांना दिसो वा न दिसो, डोळा जातो. पूर्ण बंद झाकणाचं मशीन क्लास १ असतं, उघडं छोटं मशीन बहुधा क्लास ४. उघड्या मशीनला त्याच प्रकारच्या लेझरसाठी बनवलेला चष्मा लागतो. उन्हाचा गॉगल चालत नाही. सीओटूच्या नळीला हजारो व्होल्ट दाब असतो, म्हणून मागचं झाकण आपण उघडायचं नाही आणि अर्थिंग नीट केलेलं हवं. नळीला थंड ठेवायला पाणी फिरतं. आपल्या मे महिन्यात ते पाणी तापतं आणि नळी निकामी होते, म्हणून चिलर हवा.

राउटरजवळ पदर खोचलेला, वेणी बांधलेली, बांगड्या आणि मंगळसूत्र आत घेतलेलं. हातमोजे घालायचे नाहीत, फिरतं बिट हातमोजा ओढून घेतं. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क लावा.

भाव विचारताना, मशीन घेताना

दुकानात हे पाच प्रश्न विचारा. दर मिनिटावर की चौरस इंचावर? माल तुमचा की आमचा? डिझाइनचे पैसे वेगळे का? बिघडलेला तुकडा कुणाच्या खात्यावर? फाइल आम्हाला मिळणार का? उत्तरं वहीत लिहा आणि त्यांची सही घ्या.

मशीन घ्यायचं ठरलं तर आधी चार-सहा महिने बाहेरून काम करून घेऊन आपल्याला खरंच किती मिनिटांचं काम मिळतं ते मोजा. हप्ता त्या मिनिटांतून निघाला पाहिजे. '६०४०' किंवा '१३९०' असे आकडे ऐकू आले तर घाबरू नका, ती बेडची मापं आहेत: ६०० बाय ४०० आणि १३०० बाय ९०० मिलिमीटर. कर्जासाठी पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागातल्या महिलांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. मुद्रा कर्जाचाही विचार करता येतो. कागदपत्रांसाठी बँकेत जाल तेव्हा कोटेशनमध्ये लेझरचा प्रकार, ऑप्टिकल पॉवर, बेडचं माप, चिलर, एक्झॉस्ट आणि प्रशिक्षणाचे दिवस या सहा गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा.

आणि मशीन आल्यावर ते चालवायला कुणाच्या तरी भाच्याला बसवू नका. बायकांनी फक्त पॅकिंग करायचं आणि पगारी मुलानं बटण दाबायचं, असं झालं तर गटाचा धंदा त्या मुलाच्या रजेवर चालतो. गटातल्या किमान दोघींनी मशीन शिकायचं. ज्या बाईला इस्त्रीचा ताप, शिलाईची जागा आणि रांगोळीचे ठिपके कळतात, तिला पॉवर, कर्फ आणि डीपीआय कळायला किती दिवस लागतील?

या आठवड्यात एवढं करा. गटाच्या बैठकीत एकीनं हे शब्द मोठ्यानं वाचायचे आणि बाकीच्यांनी आपल्या शब्दांत अर्थ सांगायचा. मग दोघी-तिघी मिळून जवळच्या दुकानात जा, एक टेस्ट पीस करून घ्या आणि त्याचे आकडे वहीत लिहून आणा. ती वही पुढच्या बैठकीला सगळ्यांना दाखवा.